वळण घेणारी काच

काच कापली जाते, असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. वस्तुतः काच कापली जात नाही, ती मोडली जाते. मालवणच्या बाजारात तसबिरीला काच बसवून देणारा कारागीर हिरकणी किंवा पोलादी चाकाचे कटर रॉकेलमध्ये बुडवतो, पट्टीच्या कडेने एकच ओरखडा ओढतो आणि काच दोन्ही हातांत धरून किंचित वाकवतो. ओरखड्याखाली डोळ्यांना न दिसणारी एक सूक्ष्म चीर उतरलेली असते. वाकवण्याच्या ताणाने ती तळापर्यंत धावते व काच दुभंगते. ओरखडा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड गेला पाहिजे आणि त्याच रेषेवरून कटर पुन्हा फिरता कामा नये, एवढे पथ्य सांभाळले की सरळ रेषेची काच सहसा दगा देत नाही. खरा प्रश्न उभा राहतो तो वळणाशी.

चर्चच्या खिडक्यांतील रंगीत काचचित्रांविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, त्यात रंगांची, प्रकाशाची आणि चित्रातील संतांची स्तुती असते. काचेत वळण कसे काढले याविषयी एक अक्षरही नसते. आमच्या मते काचचित्राची परीक्षा नेमकी तेथूनच सुरू व्हावयास हवी. हा विषय आज काढण्याचे कारणही आहे. आताशा जीर्णोद्धाराच्या बैठकांत खिडक्यांची गोष्ट निघाली की पारदर्शक फिल्मवर छापलेल्या चित्रांचे नमुने टेबलावर येतात. साध्या काचेवर ते चिकटवले की झाली रंगीत खिडकी! त्या नमुन्यांत शिशाच्या काळ्या रेषासुद्धा छापलेल्या असतात. या रेषा खऱ्या खिडकीत का असतात हे ठाऊक नसेल, तर खोट्या खिडकीत त्या काय करीत आहेत हे आपणांस कसे कळावे?

तेव्हा प्रथम कारागिराच्या मेजापाशी जाऊ. बाहेर फुगलेले वळण, म्हणजे समुद्रात शिरलेल्या भूशिरासारखे, त्यातल्या त्यात सोपे. तेही एका दमात निघत नाही. वळणाला स्पर्श करून कडेकडे निसटणारे तीन-चार ओरखडे कारागीर एकामागून एक ओढतो, प्रत्येक वेळी सुटलेला तुकडा पकडीने उतरवतो आणि मागे राहिलेले कोपरे दातेरी पकडीने कुरतडून काढतो. आत गेलेले वळण, म्हणजे खाडीसारखे, हे मात्र काचेला मुळीच रुचत नाही. चीर नेहमी जवळची कड शोधीत असते. खोल खाडी एका घावात मागितली तर चीर मध्येच वळण सोडून सरळ पळते आणि खाडीच्या दोन टोकांपैकी एखादे उडून जाते. म्हणून अंतिम रेषेचा ओरखडा ओढून झाला तरी कारागीर तिला लगेच हात लावीत नाही. तो आतल्या काचेत प्रथम एक उथळ चंद्रकोर आखून काढतो, मग तिच्या आत दुसरी, मग तिसरी. अशा कोरी उतरवीत तो रेषेपर्यंत पोहोचतो. काचेच्या खालच्या बाजूने कटरच्या मुठीवरील गोळ्याने हलके ठोके दिले की चीर चांदीच्या केसासारखी चमकत पुढे सरकताना दिसते. तुकड्याला भूशिर आणि खाडी दोन्ही असतील तर जाणता कारागीर आधी खाडीला हात घालतो. सभोवार काच शिल्लक असते तोवरच तिला आधार असतो. आणि आतल्या बाजूचा काटकोन? तो या हत्याराने निघतच नाही.

कानांचेही येथे काम असते. चाकाचा दाब योग्य असेल तर रेशीम फाटावे तसा बारीक, सलग आवाज येतो. दाब जास्त झाला की कुरकुर ऐकू येते, रेषेवर पांढरी भुकटी दिसते, आणि अशी रेष बहुधा भलतीकडे फुटते. उत्साही नवशिका नेहमी जोर लावतो. काच त्याच्याशी वाद घालीत नाही, मोडून मोकळी होते.

आता एक गोष्ट पाहणाऱ्याच्या क्वचितच ध्यानात येते, आणि आमच्या दृष्टीने या कलेचे मर्म तीत आहे. समजा, निळ्या आकाशावर एक पिवळे पान काढायचे आहे. पान बाहेर फुगलेले, म्हणून ते सहज निघेल. पण त्या पानाला जागा देणारे जे निळे आकाश, त्याच्या पोटात तेवढीच खोल खाडी पडणार! पानाचे प्रत्येक सुखाचे वळण पार्श्वभूमीला दुःखाचे असते. आपण पान पाहतो आणि वाहवा करतो. श्रम मात्र आकाशात खर्ची पडलेले असतात. म्हणून जाणता चित्रकार पार्श्वभूमी सलग ठेवीत नाही. पानाच्या टोकापासून चौकटीपर्यंत तो शिशाची एक रेष नेतो, आकाशाचे दोन तुकडे करतो, आणि प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला उथळ वळण येईल अशी व्यवस्था करतो. अशा रेषेला स्वतःचे स्थान असते. ती जर चित्रातील वाऱ्याची, फांदीची किंवा प्रकाशझोताची दिशा घेऊन गेली तर चित्र उजळते. नुसतीच कुठेतरी येऊन आदळली तर फुटक्या काचेचा भास होतो. काचचित्रकाराची प्रतिभा मोजावी ती या रेषांवरून.

संतांच्या मस्तकामागील तेजोवलय ही तर हाताशी असलेली कसोटी. मधोमध भोक असलेले अखंड काचेचे कडे चाकाच्या कटरने निघू शकत नाही. म्हणून वलयाची काच मस्तकापासून वेगळी असेल, तर ते वलय दोन, तीन किंवा अधिक तुकड्यांचे असते व त्यात शिशाचे सांधे दिसतात. मस्तक आणि वलय एकाच काचेवर रंगवून भट्टीत भाजले असेल तर गोष्ट वेगळी. छापील फिल्मवरील वलय काळ्या रेषेच्या दोन वर्तुळांत बंदिस्त, आणि मधे सांधा एकही नाही! अशी काच या पद्धतीने कोणी घडवलीच नसती.

आपल्या भागात जुन्या काचचित्रांचे दाखले विरळ. त्यासाठी मुंबई गाठावी लागते. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाची वास्तू जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुकाराने आखली. तो स्वतः भारतात कधी आला नाही. १८७४ साली पूर्ण झालेल्या या सभागृहात बारा राशींची चिन्हे असलेली एक भव्य वर्तुळाकार खिडकी आहे. ती पाहताना आम्हांस नेहमी असे वाटते की येथील मोठे वर्तुळ काचेचे नाहीच, ते दगडाचे आहे. दगडी नक्षीने मोठे वळण आपल्या अंगावर घेतले, त्याचे लहान लहान खण केले, आणि काचेकडे तिला झेपतील एवढीच वळणे सोपविली. विद्येच्या या मंदिरात राशींचे काय काम, असा प्रश्न एखाद्याच्या मनात येईल, पण मांडणीचा विवेक निर्विवाद आहे. शेजारच्या राजाबाई टॉवरचा व ग्रंथालयाचा जीर्णोद्धार २०१५ मध्ये पूर्ण झाला. त्यातील काचचित्रांचे काम स्वाती चांदगडकर यांनी केले. डागडुजीतील काच नवनिर्मितीपेक्षाही हट्टी असते. शिशाच्या जुन्या चौकटीत जी पोकळी उरली तिच्याच आकाराची काच तेथे बसायची. त्या वळणात सोयीनुसार फेरफार करण्याची मुभा नसते.

मध्ययुगात तर चाकही नव्हते. बाराव्या शतकाच्या आरंभी थिओफिलस या टोपणनावाने लिहिणाऱ्या संन्याशाने आपल्या ग्रंथात ही कृती नोंदवून ठेवली आहे. खडूने पांढऱ्या केलेल्या फळीवर चित्र रेखाटावे, काच त्यावर ठेवावी, तापलेल्या लोखंडाने तिच्यात चीर चालवावी, आणि मग खाच असलेल्या लोखंडी हत्याराने कडा कुरतडून आकार साधावा. हिरकणी पुढे आली. चाकाच्या कटरचे पेटंट अमेरिकेत सॅम्युअल मॉन्स याने १८६९ साली घेतले. म्हणजे शार्त्रच्या महामंदिरातील ज्या निळाईची जगभर कीर्ती आहे, तिचा कणन् कण तापलेल्या लोखंडाने फोडलेला व कुरतडलेला आहे.

या कष्टातून सुटण्याची धडपड कारागिरांनी केली नाही असे नव्हे. चौदाव्या शतकाच्या आरंभी चांदीच्या क्षारांचा लेप देऊन पांढऱ्या काचेवर पिवळा रंग भाजण्याची युक्ती सापडली. मग एकाच काचेवर गोरा चेहरा आणि सोनेरी केस आले व एक अवघड वळण वाचले. ही सुटका आम्हांस रास्त वाटते, कारण तिने काचेचा प्रकाश मारला नाही. पुढे मात्र सारेच रंग कुंचल्याने काचेवर चढू लागले आणि चौकोनी तावदानांवर तैलचित्रे उतरवावीत तशी चित्रे होऊ लागली. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजच्या प्रार्थनामंदिरातील पश्चिमेची खिडकी १७७८ ते १७८५ या काळात झाली. चित्रे जोशुआ रेनॉल्ड्ससारख्या मातब्बराची, काचेवर ती उतरवली टॉमस जार्व्हिसने. आकृती सुबक आहेत, परंतु त्या प्रकाशातून जन्मलेल्या वाटत नाहीत, प्रकाशावर पसरलेल्या वाटतात. छापील फिल्मचे पूर्वज हवेच असतील तर ते येथे शोधावेत. फरक इतकाच की जार्व्हिसने निदान भट्टी पेटवली होती.

उलट बाजूचा दाखला फ्रान्समधील व्हान्स या गावचा. तेथील डोमिनिकन भगिनींच्या प्रार्थनामंदिरासाठी आंरी मातिस १९४८ पासून राबत होता. २५ जून १९५१ रोजी त्या मंदिराचे पवित्रीकरण झाले. रंगवलेला कागद कात्रीने कापून त्याने खिडक्यांचे आकार ठरवले आणि पॉल बोनी या कारागिराने ते काचेत आणले. रंग तीनच, निळा, हिरवा आणि पिवळा. कात्री ही वळणाची लाडकी लेक. कागदात ती वाटेल तेथे शिरते आणि वाटेल तशी वळते. त्या वळणांचे ओझे पडले ते काचेवर. आमचे मत असे की मातिसची वेदीमागील खिडकी टिकली ती त्याच्या संयमामुळे. त्याची पाने निवडुंगाच्या फड्यांसारखी रुंद, गोलसर, टोकांना बोथट आहेत. त्यांच्यामधल्या जागाही तो पानांइतक्याच आस्थेने कापतो. कागद कापताना काचेची मर्यादा त्याच्या मनात असावी, असे ती खिडकी पाहताना वाटते.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. गोव्यात आणि आपल्याकडे जुन्या घरांच्या व चर्चच्या खिडक्यांना एके काळी काच नव्हतीच, पातळ शिंपल्यांची तावदाने होती. तो शिंपला मुळात गोल. तो लाकडी चौकटीत बसावा म्हणून त्याचे लहान चौकोन करीत. येथे गोलाचे सरळ झाले, काचचित्रात सरळाचे गोल होते. त्या शिंपल्यांतून येणारा दुधाळ उजेड ज्यांनी पाहिला आहे त्यांना आमच्या म्हणण्याची सत्यता पटेल की रंगीत खिडकी ही आपल्या उपासनेची गरज नव्हे. नव्याने शिंपले गोळा करून तशी तावदाने घडवावीत असे सुचविण्याची सोय मात्र नाही. २००१ साली या शिंपल्याचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत झाला आहे.

फिल्मच्या बाजूने स्वस्ताईचा युक्तिवाद होतो आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या धर्मग्रामातील कुटुंबे मासळीच्या हंगामावर जगतात, तेथे खिडकीसाठी लाख-दोन लाख मागणे धाडसाचे. पण मग साधी काच का नको? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने पवित्र कलेत डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्याचा शोध घ्यावा असे सुचविले. साध्या काचेत डामडौल नाही आणि फसवणूकही नाही. छापील फिल्म मात्र गरिबीचा बहाणा करून श्रीमंतीचे सोंग आणते. आणि ते सोंगही आपल्या पश्चिमेच्या उन्हात फार दिवस टिकणारे नव्हे. छापील रंग उन्हाने विटतात, कडा सुटतात.

दुसराही एक आक्षेप येईल. आता पाण्याच्या धारेखाली चालणारी विजेची करवत मिळते, ती काचेत हवे ते वळण काढते, मग हाताच्या मर्यादेचे एवढे कौतुक कशासाठी? करवतीला आमचा विरोध नाही. अवघड जागी ती कारागिराची बोटे वाचवते. मात्र करवतीच्या भरवशावर आखलेली काही चित्रे आम्ही पाहिली आहेत. त्यांत द्राक्षवेलीचे तणाव इतके नागमोडी की त्यांच्या अरुंद माना पहिल्याच धक्क्याला तडकाव्यात. करवतीने काच कापता येते, तिचा स्वभाव बदलता येत नाही. तो ठिसूळ तो ठिसूळच.

ज्या धर्मग्रामाची ऐपत आहे व इच्छाही आहे, त्याने सगळ्या खिडक्या एकदम भरू नयेत. दर्शनी भिंतीच्या माथ्यावरील एखादा लहान गोल झरोका खऱ्या काचेचा करावा आणि बाकी ठिकाणी स्वच्छ काच ठेवावी. आधाराच्या सळ्या लोखंडी नकोत. खाऱ्या हवेत लोखंड गंजून फुगते आणि आजूबाजूचा चिरा फोडते, म्हणून त्या पितळेच्या असाव्यात. आणि काम देण्यापूर्वी कारागिराकडून संताच्या चेहऱ्याचा नमुना मागू नये, तो सुरेखच येणार. चेहऱ्यामागच्या आकाशाचा एक तुकडा मागावा, खोल वळणाचा, हाताने काढलेला, आणि त्याची कड बोटाने चाचपून पाहावी.