‘मन ठिकाणावर नाही’ हे ठरवणार कोण?

कायदा म्हणजे कंटाळवाणा मजकूर, असं आपण धरूनच चालतो. मी मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ नेरमध्ये बसून एखाद्या कथेसारखा वाचला. इथे तुरीत, सोयाबीनमध्ये रानडुकरं आणि रोही घुसतात. त्यामुळे कलम १३ मधली पीकराखणीची ठासणीची बंदूक लगेच ओळखीची वाटली.

खरी गोम कलम १४ मध्ये आहे. परवाना कुणाला नाकारायचा, ते इथे ठरतं. त्यात एक पात्र येतं : ‘मन ठिकाणावर नसलेली’ व्यक्ती. अधिकाऱ्याला तसं मानायला कारण दिसलं, की पुरे. पुढच्याच पोटकलमात कायदा समजूतदार होतो. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही. गरिबासाठी हे वाक्य सुचलं, दिव्यांगासाठी नाही. पोलिओने पाय अधू झालेला शेतकरी मचाणावरून राखण करू शकेल का, हे मग साहेबाच्या नजरेवर.

तसं एक वाक्य २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात आलं, तेही मनाच्या आजारापुरतं. त्याचं कलम ३ सांगतं : आजार आहे, एवढ्यावरून कुणाचं मन ठिकाणावर नाही असं मानू नका, ते न्यायालय ठरवेल.

सगळ्यांना बंदुका वाटा, असं मी म्हणत नाही. शेतकरी आत्महत्यांच्या या जिल्ह्यात घरातल्या हत्याराची भीती खरी आहे. पण नकार धोका पाहून द्यावा, शिक्का पाहून नव्हे. कलम १४ नकाराची कारणं लेखी नोंदवायला लावतं. ती मागा. तिथे नुसतं ‘दिव्यांग’ लिहिलेलं दिसलं, तर कलम १८ खाली अपील करा.