किटमधला ससा आणि काळी लोकर

छंद म्हणून लोकर दाबून-थापून वस्तू करण्याला, म्हणजे फेल्टिंगला, नावं ठेवायला आम्ही उभे नाही. आमचा आक्षेप आहे तो आयत्या किटवर. त्यात मेरिनोची रंगवलेली मऊ लोकर, खाचांची सुई आणि सशाचं चित्र येतं. टोचत राहा, ससा होतो!

कॉलिंगवूड यांनी १९३८ च्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’मध्ये कला आणि कारागिरी वेगळ्या काढल्या. कारागिराला काय करायचं ते आधीच ठाऊक असतं, असं त्यांचं म्हणणं. किटमधला ससा त्यात नेमका बसतो. घोंगडं मात्र पुरतं बसत नाही. विणणाऱ्याला लांबी-रुंदी ठाऊक असते. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ, तिच्या सुताला चिंचोक्याची खळ देऊन राजी करावं लागतं.

फेल्टिंगचंही तसंच बघा. ओल, ऊब, साबण आणि दाब मिळाला की केसांवरचे खवले एकमेकांत अडकतात. किती आटायचं ते लोकरच ठरवते. राठ लोकर वेळ घेते. तो वेळ हीच छंदाची कमाई.

आपल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात. एरवी तिला गिऱ्हाईक मिळणं मुश्किल. तेव्हा मेंढपाळाकडून थोडी काळी लोकर घ्या. विकत, फुकट नव्हे. त्यानं धनगरांचा प्रश्न सुटेल, असं आम्ही म्हणत नाही. पण घोंगड्याचा भाव पाडताना आपण नेमकं काय पाडतो, ते हाताला तरी कळेल.