80 पीपीएम कुणासाठी?

सॉल्टवॉटर पूलला क्लोरीन तयार करून देणारं जे मशीन असतं, त्याचं माहितीपुस्तक कधी चाळलंय? बहुतेक पुस्तकांत एक छोटा तक्ता असतो. मीठ साधारण 3000 पीपीएम, फ्री क्लोरीन 1 ते 3 पीपीएम, स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक ॲसिड 60 ते 80 पीपीएम. पूल इनडोअर असेल तर स्टॅबिलायझर नको. आणि अर्धा दिवस सावलीत असलेल्या पूलचं काय? तिथे पुस्तक गप्प. आज मला या तक्त्यावरच टीका करायची आहे. रिसर्चला येण्याआधी छापील आकडा कसा वाचायचा, हे शिकायला तो फार चांगला आहे.

आधी थोडी केमिस्ट्री. पाण्यातलं क्लोरीन दोन रूपांत असतं, हायपोक्लोरस ॲसिड आणि हायपोक्लोराइट आयन. पीएच 7.5 च्या आसपास दोन्ही जवळपास निम्मे निम्मे. जंतू मारण्याचं खरं काम पहिलं करतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी जास्त लवकर मोडतो तो दुसरा, आणि एक संपला की समतोल राखायला दुसऱ्यातून भर पडते, त्यामुळे उघड्या उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं. सायन्युरिक ॲसिड क्लोरीनला सैल धरून ठेवतं, ऊन लागू देत नाही आणि लागेल तसं सोडतं. बँकेतल्या ठेवीसारखं. फक्त खिशात फार थोडं उरतं: 3 पीपीएम क्लोरीन असलेल्या पाण्यात स्टॅबिलायझर नसेल तर हायपोक्लोरस ॲसिड सुमारे 1.5 पीपीएम असतं. 50 पीपीएम स्टॅबिलायझर टाकलं की ते सुमारे 0.03 वर येतं. हे गणित ज्या स्थिरांकांवर उभं आहे ते ओब्रायन, मॉरिस आणि बटलर यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केले. ते 25 अंश सेल्सिअसचे आहेत, हे लक्षात ठेवा.

गंमत अशी की डीपीडी टेस्टचा गुलाबी रंग ठेव आणि खिसा यांत फरक करत नाही. दोन्ही मिळून 'फ्री क्लोरीन' म्हणून दाखवतो. म्हणजे मोजताय एक आणि रक्षण करतंय दुसरंच.

आता तक्त्याकडे परत. रिचर्ड फॉक आणि सहकाऱ्यांचा 2019 चा एक शोधनिबंध आहे, 'वॉटर' या जर्नलमधला. पोहणाऱ्याला पोटाचा आजार होण्याची जोखीम त्यांनी मॉडेलने काढली आणि सुचवलं की सायन्युरिक ॲसिड भागिले फ्री क्लोरीन हे गुणोत्तर 20 च्या वर जाऊ नये. हा नियम तक्त्याला लावून बघा. स्टॅबिलायझर 80, क्लोरीन 1: गुणोत्तर 80. स्टॅबिलायझर 60, क्लोरीन 3: गुणोत्तर 20. म्हणजे तक्त्याचे सगळ्यात चांगले दोन आकडे जुळून आले तरच आपण कसेबसे काठावर. बाकी पूर्ण तक्ता रेषेच्या पलीकडे, आणि तरी 'सर्व काही योग्य' अशा थाटात छापलेला.

मग 60 ते 80 आलं कुठून? माझं वाचन असं: मशीन क्लोरीन थेंब थेंब बनवतं. उन्हाने ते उडत राहिलं तर सेलला जास्त तास चालावं लागतं आणि सेल महाग असतो. स्टॅबिलायझर भरपूर असलं की सेल निवांत. म्हणजे हा आकडा सेलच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पाण्यात उतरणाऱ्या सहा वर्षांच्या पोराच्या प्रश्नाचं नाही. पुस्तक खोटं बोलत नाही, पण प्रश्न कुणाचा हे सांगत नाही.

फॉक यांच्या निबंधावरही माझी तक्रार आहे, छोटी. गुणोत्तर 20 ठेवा म्हणजे नक्की किती टाका? 80 ला 4, 40 ला 2, 20 ला 1, तिन्ही बरोबर. यातलं कोणतं निवडायचं हे तुमच्या पूलवर किती ऊन पडतं यावर ठरतं आणि ते गुणोत्तरात कुठेच नाही. तिथून पुढचं काम आपलं.

तर गंगापूर घेऊ. समजा, वाळूजच्या बाजूला एका फार्महाऊसवर पूल आहे, दक्षिणेला उंच भिंत, पश्चिमेला कडुनिंब. मालक डिसेंबरात बघतो आणि म्हणतो, 'अर्धा पूल सावलीतच असतो.' खरंय. गंगापूर साधारण 19.7 अंश उत्तरेला आहे, डिसेंबरात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून 47 अंशांवरच असतो, भिंतीची सावली जवळजवळ भिंतीइतकीच लांब. पण पोहायची गर्दी कधी? एप्रिल-मेमध्ये. आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात इथे शून्य सावली दिवस येतो, दुपारी सूर्य थेट डोक्यावर. त्या भिंतीची सावली तेव्हा शून्य. कडुनिंबाचं बरं, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडली तरी मेपर्यंत नवी पालवी दाट झालेली असते आणि फांद्या पाण्यावर आल्या असतील तर सावली वरूनच पडते. म्हणजे 'अर्धवट सावलीतला पूल' ही एक गोष्टच नाही. सावली कशाची आणि कोणत्या महिन्यातली, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. शिवाय अतिनील किरणांचा मोठा हिस्सा आकाशातून विखरून येतो, त्यामुळे सावलीतला कोपराही अंधारात नसतो.

जरा जास्त पडलं तर काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. मराठवाड्यात बिघडतं. सायन्युरिक ॲसिड उन्हाने मोडत नाही, पाण्याबरोबर उडतही नाही. बाष्पीभवनाने पाणी घटलं, तुम्ही बोअरचं भरलं, ते तिथेच. वीज गेली, मशीन बंद, म्हणून कुणी टीसीसीए गोळ्या टाकल्या तर क्लोरीनच्या प्रत्येक पीपीएममागे 0.6 पीपीएम स्टॅबिलायझर गुपचूप वाढतं. कमी करायचा सोपा मार्ग एकच: पाणी काढून टाका, नवं भरा. 50,000 लिटरचा पूल 100 वरून 50 वर आणायला निम्मं, म्हणजे 25,000 लिटर. टंचाईत टँकरच्या गावात माणशी दिवसाला 20 लिटर धरतात. हिशोब करा, 1250 माणसांचं एका दिवसाचं पाणी. परदेशी पुस्तकात 'पार्शियल ड्रेन' हे दोन शब्द किती सहज येतात! 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, तो उन्हाळा पाहिलेल्याला ते सहज वाचवत नाहीत.

म्हणून माझं मत: अशा पूलला 30 पासून सुरुवात करावी आणि वाढवायचं की नाही हे मोजून ठरवावं. सूर्यास्ताला मशीन बंद करा, क्लोरीन मोजा. सूर्योदयाआधी पुन्हा मोजा. मशीन बंदच ठेवून, कुणालाही पाण्यात न सोडता, संध्याकाळी तिसऱ्यांदा मोजा. रात्रीची घट म्हणजे घाण आणि शेवाळाने खाल्लेलं. दिवसाची घट त्यापेक्षा जितकी जास्त, तेवढं ढोबळमानाने उन्हाचं. रात्रीच बरंच घटत असेल तर स्टॅबिलायझर वाढवून काही उपयोग नाही, रोग वेगळा आहे. हेच एकदा डिसेंबरात आणि एकदा मेमध्ये करा. दोन दिवसांचं काम, पण त्या पूलचा स्वतःचा आकडा हातात येतो.

आणि स्टॅबिलायझर मोजताना सांभाळा. मेलामाइन टाकून पाणी गढूळ करतात आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका कधी दिसेनासा होतो ते बघतात. दहा-पंधरा पीपीएम इकडेतिकडे सहज होतं. नमुना गरम असेल तर आकडा कमी येतो, मग माणूस आणखी पुडी ओततो. मेमध्ये दुपारी नमुना घेतला असेल तर बाटली आधी माठाजवळ ठेवून 24-25 अंशांपर्यंत निवू द्या, आणि ठिपका दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्या.