मृदाजीवांची मोजदाद : सातारा-सांगलीच्या संदर्भात काही आक्षेप

शेतीपद्धतीमुळे मातीतील प्राणिसृष्टी घटते की वाढते, हा प्रश्न वरकरणी केवळ मोजदादीचा वाटतो. ठरावीक क्षेत्रातील माती उकरावी, गांडुळे, गोमी, वाळवी वेचावी, सूक्ष्म जीव बर्लेसेच्या नरसाळ्यातून उतरवून घ्यावेत आणि दोन शेतांच्या आकड्यांची तुलना करावी, अशी ही रीत आहे. सातारा-सांगलीची जमीन मात्र या रीतीला सहजासहजी वश होत नाही.

पहिला आक्षेप क्षेत्राविषयीचा आहे. जिल्हा हे महसुलाचे एकक होय, मृदेचे नव्हे. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघालेला जिल्हा १९६० पासून सांगली म्हणून ओळखला जातो; गांडुळास या सीमेची वार्ता नाही. महाबळेश्वरची जांभी जमीन, कृष्णाकाठची खोल काळी जमीन आणि माण-आटपाडीची उथळ, मुरमाड जमीन एकाच सरासरीत घातल्यास हाती काहीच लागत नाही. वाळव्याच्या उसात जतच्या ज्वारीपेक्षा गांडुळे अधिक सापडली, तर ते श्रेय पाटपाण्याचे असू शकते, लागवडीचे नव्हे. शिवाय काळ्या जमिनीत उन्हाळ्यात गांडुळे खोल जाऊन वेटोळे घालून पडून राहतात. वैशाखात खणलेला खड्डा रिकामा निघाला, एवढ्यावरून माती निर्जीव ठरत नाही. नरसाळ्याचेही तसेच : वरच्या दिव्याच्या उष्णतेने चिकणमातीचे ढेकूळ वाळून घट्ट होते आणि माइट, कोलेंबोला आतच अडकून मरतात. काळ्या मातीतील अल्पसंख्या कित्येकदा उपकरणाची असते.

याहून गंभीर प्रश्न विविधतेच्या निर्देशांकाचा आहे. शॅननचे सूत्र जातींची संख्या व त्यांचे परस्पर प्रमाण जाणते. जाती कोणत्या, हे त्यास ठाऊक नसते. पाच देशी जाती जाऊन पाच परकीय जाती त्याच प्रमाणात आल्या तरी उत्तर तेच येईल! गांडुळाची जात ठरविण्यास प्रौढ नमुन्याचे विच्छेदन लागते. स्टीफनसनचा १९२३ चा किंवा जुल्कांचा १९८८ चा ग्रंथ समोर ठेवावा लागतो. हे कष्ट टाळून नुसते 'गांडुळे' असे नोंदविले की गांडूळखताच्या खड्ड्यातील आयसेनिया फेटिडा आणि शेतात बीळ करून राहणारे देशी गांडूळ एकाच रकान्यात बसतात. पहिले कुजत्या पदार्थात वाढणारे आहे. खालची माती वर आणणे हे त्याचे काम नव्हे. डार्विनने १८८१ च्या ग्रंथात डोकी मोजण्यावर न थांबता वर आलेल्या मातीचे वजन केले होते, ते उगाच नव्हे.

मित्र आणि शत्रू ही विभागणीही अभ्यासाला अपुरी आहे. कृष्णा-वारणेच्या काठी उसाची मुळे खाणाऱ्या हुमणीसाठी फोरेटचे दाणे मातीत पेरले गेले. २०२० च्या अखेरीपासून त्यावर देशात बंदी आहे. ते विष हुमणीपुरते मर्यादित राहणारे नव्हते. तासगावच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणातील मोरचुदाचे तांबे वरच्या थरात साठत जाते, ते विघटन पावत नाही. पाचट जाळण्याची गोष्ट आणखी वेगळी. आगीची धग फार खोल जात नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या मोजणीत खालच्या थरात फरक दिसेलच असे नाही. परंतु पृष्ठभागावरील जीवांचे अन्न व आच्छादन दोन्ही जळालेली असतात. तो परिणाम पाहण्यास पुढचा पावसाळा, त्यापुढचा खोडवा, असे थांबावे लागते.

खरी तुलना दूरच्या गावाशी नसून त्याच शिवारात आहे. नवी लावण, न नांगरलेला खोडवा, पाचट जाळलेली सरी आणि पाचट ठेवलेली सरी, ही सर्व एकाच मातीत, एकाच पाण्यावर शेजारी शेजारी सापडतात. त्यांच्यामधला, नांगर न लागलेला बांध हा या तुलनेचा स्वाभाविक आधार; गवताच्या मुळांखाली तेथे जे जीव टिकतात ते शेतात परत येऊ शकतात. मात्र बांध कोरण्याची सवय दोन्ही बाजूंना आहे. भाऊबंदकीच्या फिर्यादींत हात-दीड हात जमिनीचा हिशेब निघतो. तेवढ्याच पट्ट्याचा नमुना अभ्यासकाला हवा असतो.