रहस्यपटाचा आरंभ आणि जोतिबाचा डोंगर

विद्यार्थ्यांनी केलेल्या रहस्यपटांचा आरंभ बहुधा एकाच साच्यातला असतो : अंधारे दार, धावती पावले, आणि केव्हा दचकावे हे प्रेक्षकाला बजावणारे आयते संगीत. संकलन त्या संगीताच्या ठेक्यामागे फरफटते. प्रेक्षकाला तर्क करायला जागाच उरत नाही, आणि तर्क नाही तेथे रहस्य कसले?

कोल्हापूरच्या मुलांनी गुरू शोधायला दूर जाऊ नये. १९२९ साली याच गावी स्थापन झालेल्या 'प्रभात'ने पुण्यास गेल्यावर, १९३७ साली, 'कुंकू' काढला. तो रहस्यपट नव्हे. पण शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीताला रजा देऊन प्रसंगातल्याच आवाजांवर भिस्त ठेवली. फ्रिट्झ लांगच्या १९३१ च्या 'एम' या जर्मन बोलपटात तर खुन्याचा चेहरा दिसण्याआधी त्याची शीळ ऐकू येते.

आता जोतिबाची चैत्र यात्रा घ्या. गुलालात चेहरे ओळखू येत नाहीत. ढोल, हलगी आणि 'चांगभलं'च्या गजरात एखादी किंकाळीही विरून जाईल. एवढे भय देवाच्या दारीच सिद्ध असता वर व्हायोलिन कशाला? गर्दीतला एक चेहरा दाखवावा, आणि हलगीचा ठेका पुरा होण्याआधीच दृश्य तोडून ओस पायऱ्यांवर यावे. गजर आता दूर, दबलेला. जवळ फक्त एका माणसाची पावले. ती कोणाची, हे इतक्यात सांगू नये.

याला पैसा लागत नाही. यात्रेत उभे राहून ऐकण्याची सवय मात्र लागते, आणि ती आपल्या विद्यार्थ्यांनी आधी लावून घ्यावी.