ही चिठ्ठी नक्की कोणाला लिहिली आहे?

कुठल्याही लेखनाची समीक्षा करताना आपण आधी विचारतो, हे कोणासाठी लिहिलंय? आज तोच प्रश्न एका साध्या कागदाला विचारू. स्पेशालिस्ट तपासून झाल्यावर जो कागद हातात देतात, त्याला.

नीट वाचून बघा. वर पदव्या, खाली चार-पाच औषधं, समोर 'ओडी', 'बीडी', शेवटी 'रिव्ह्यू एसओएस'. रुग्णाला यातलं फारसं कळत नाही. केमिस्टला कळतं, पण विक्रीपुरतं. आणि ज्या फॅमिली डॉक्टरांनी पाठवलं, त्यांना हवं ते यात बहुतेकदा नसतंच. निदान काय, कोणतं जुनं औषध बंद केलं, का केलं, पुढे कशावर लक्ष ठेवायचं? मग निरोप्या होतो तो रुग्णच.

समजा, हृदयाचे ठोके अनियमित म्हणून एका आजींना वॉरफेरिन सुरू झालं. महिन्याभराने गुडघे दुखतात म्हणून त्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेल्या. "एक रक्ताची गोळी चालू आहे," म्हणाल्या. आता आपल्याकडे 'रक्ताची गोळी' म्हणजे रक्त पातळ ठेवणारीही आणि रक्त वाढवणारी लोहाचीही! डॉक्टरांनी लोह समजून डायक्लोफिनॅक लिहून दिलं, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. यात आजींचं काय चुकलं?

बरं, नियम नाही असंही नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत कलम 3.6 आहे. पाठवणाऱ्याने रुग्णाची माहिती लिहून द्यावी आणि स्पेशालिस्टने आपलं मत त्या डॉक्टरांना लेखी कळवावं, असं ते सांगतं. पहिला अर्धा भाग आपण 'काइंडली डू द नीडफुल' एवढ्यावर उरकतो, म्हणजे फॅमिली डॉक्टरही यातून सुटत नाहीत. दुसऱ्या अर्ध्या भागाच्या जागी फार तर आभाराचं पत्र येतं: पेशंट पाठवल्याबद्दल धन्यवाद. त्या पत्रात पेशंटला काय झालंय, ते नसतं. याच आचारसंहितेने कमिशनही निषिद्ध ठरवलंय. पण 'कट'चा हिशोब कसा बिनचूक पोचतो, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

ओपीडीत रांग लागलेली असते, लिहायला वेळ कुठे, असं डॉक्टर म्हणतात. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांचं हे म्हणणं आम्हाला पटतं. तपासणीचे हजार-दीड हजार घेणाऱ्या क्लिनिकचं पटत नाही. ब्रिटनमध्ये स्पेशालिस्टने जीपीला पत्र लिहिणं हा रोजच्या कामाचाच भाग आहे. 2018 साली तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या अकादमीने त्यापुढे जाऊन सांगितलं, की पत्र थेट रुग्णालाच, साध्या भाषेत लिहा आणि प्रत जीपीला पाठवा.

आपल्याकडे 2021 पासून 'आभा'चा चौदा आकडी क्रमांक देशभर मिळू लागला. कागद आता मोबाइलवरून पोचेल, चांगलंच आहे. पण त्याच 'ओडी-बीडी'चा फोटो काढून चढवला, तर फॅमिली डॉक्टरांना पडद्यावर तरी नवीन काय वाचायला मिळणार?