बालरुग्णालयातील शुभंकर : शोभा की सोबत?

जळकोट हा लातूर जिल्ह्यातील तालुका. येथील अत्यवस्थ मुलास उदगीर, लातूर किंवा नांदेड येथील मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते. बरोबरच्या आईस ती इमारत परकी असते. तिला अक्षरओळख नसेल, किंवा घरची भाषा गोरमाटी, तेलुगू वा कन्नड असेल, तर ‘बाह्यरुग्ण विभाग’ हा फलक असून नसल्यासारखाच. बालरुग्णालयाचा शुभंकर आणि तेथील भित्तिचित्रे यांचा विचार या आईपासून आरंभिला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

शुभंकराची कल्पना आपल्याकडे रूढ झाली ती मुख्यतः व्यापारामुळे. एअर इंडियाकरिता १९४६ साली उमेश राव यांनी रेखाटलेला ‘महाराजा’ आणि एशियन पेंट्सकरिता १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला ‘गट्टू’ ही तिची ठळक उदाहरणे होत. लक्ष वेधणे व नाव स्मरणात ठसविणे हे त्यांचे कार्य. रुग्णालयातील शुभंकराने भ्यालेल्या मुलास सोबत आणि पालकास वाट द्यावयाची असते. हा भेद न ओळखल्यामुळेच आपल्या बालविभागांच्या भिंतींवर परदेशी व्यंगपटांतील उंदीर व बदके निष्कारण हसत असतात. ढकलगाडीवर उताण्या निजलेल्या मुलास मात्र कोरे छतच दिसते.

मुलांना काय रुचते, हेही प्रौढच गृहीत धरतात. शेफील्ड विद्यापीठाने केलेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४ ते १६ वर्षे वयाच्या सुमारे अडीचशे मुलांना विचारले असता, रुग्णालयातील विदूषकाची चित्रे त्यांना नकोशी वाटतात असे आढळले. उलट, लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात २०१२ साली जेसन ब्रुजेस यांच्या कलागृहाने शस्त्रक्रियागृहाकडे जाणाऱ्या मार्गिकेत केलेली योजना पाहावी. भिंतीवरील चित्रित रानात दिव्यांनी साकारलेले घोडे व हरिणे मूल जवळ येताच प्रकटतात. प्रकाशपट निरनिराळ्या उंचीवर बसविल्यामुळे चालणाऱ्या व निजलेल्या, दोन्ही मुलांना ते दिसतात.

ही यंत्रे आपणांस परवडणार नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तत्त्वास खर्च नाही. चिऊ-काऊच्या गोष्टीतील चिमणी, पोळ्याचा मातीचा बैल ही चित्रे या प्रदेशातील मुलाच्या ओळखीची आहेत. एका विभागास एकच प्राणी व एकच रंग द्यावा. तो प्रवेशद्वारापासून खाटेपर्यंत, मुलाच्या नजरेच्या उंचीवर व छतावरही, अखंड न्यावा. मात्र शुभंकराने असत्य सांगू नये. सुई टोचावयाच्या खोलीबाहेर खदखदून हसणारा बैल मुलाचा विश्वास गमावील. दंडावर पट्टी बांधलेला, किंचित भ्यालेला बैल तो मिळवील.

चित्राने परिचारिकेची वा औषधाची उणीव भरून निघत नाही, हे उघड आहे. तेवढ्यापुरते ते दुय्यमच. तथापि त्याची कसोटी रंगकौशल्य ही नव्हे. अक्षरओळख नसलेली आई, कोणाचीही मनधरणी न करता, आपल्या मुलाच्या खाटेपर्यंत पोहोचते काय, हीच ती कसोटी होय.